भिंतीपलीकडची विहीर

जमिनीच्या पोटातला गॅस कुठून येतो हे सांगायला जमिनीत उतरावं लागत नाही. उतरता येतही नाही म्हणा. गॅसची विहीर म्हणजे काही पाण्याची विहीर नव्हे, की काठावर वाकलं आणि तळ दिसला. वीतभर रुंदीची नळी, ती एखादा डोंगर उलटा करून ठेवावा इतकी खोल गेलेली. तळाशी दाब मोजणारं एक गेज टांगलेलं असतं, त्याचे आकडे तारेवरून थेट कचेरीतल्या पडद्यावर येतात, आणि त्यांच्यावरून खाली काय आहे ते ओळखायचं. सगळा अंदाजाचा कारभार. पण ताईचा अंदाज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे त्या कंपनीत फाटकावरच्या वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी मान्य केलेलं होतं.

साहेब वयाने मोठे, तरी तेही तिला ताईच म्हणायचे. खरं तर ती एकाच माणसाची ताई, धाकट्या भावाची. आई गेली तेव्हा घुम्या रांगत होता आणि ताई स्वतः शाळेत जात होती. तिनेच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, पाढे घोकून घेतले, आणि लग्नाची गोष्ट निघाली की "आधी हा मार्गाला लागू दे" म्हणता म्हणता तिचं स्वतःचं राहूनच गेलं. चार वर्षांचा होईतो पोराच्या तोंडातून अक्षर फुटलं नाही, म्हणून तो घुम्या. पुढे जी टकळी सुरू झाली ती आजतागायत थांबली नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आता तो चाळिशीला टेकलेला बाप्या होता, आणि कंपनीच्या सगळ्यांत लांबच्या विहिरीवर, उघड्या माळावर, चार-पाच माणसांच्या टोळीचा मुकादम होता. व्हॉल्व्ह उघडायचा, बंद करायचा, गळती बघायची, आणि रोज सकाळी न चुकता ताईला फोन करायचा.

"काय ताई, चढलीस का उंटावर?"

"चढले. शेळ्या सगळ्या जागेवर आहेत ना?"

"एक शिंकतेय. बाकी ठीक."

कचेरीत बसून माळावरची कामं सांगणारी ती, म्हणून ही थट्टा. वर्षानुवर्षं तीच. दोघांनाही तिचा कंटाळा येत नसे, आणि ती झाल्याशिवाय ताईचं कामात लक्ष लागत नसे.

त्या लांबच्या विहिरीत एक मौज होती. साधारण विहिरीत गॅस चहूकडून येतो. भर मैदानात भांडण जुंपलं की माणसं सगळ्या बाजूंनी धावून येतात, तसा. पण हेच भांडण अरुंद बोळात लागलं तर? माणसं येणार दोनच बाजूंनी, रांग धरून. या विहिरीचा गॅस असा रांगेने येत होता. खाली वाळूच्या खडकाचा लांबच लांब, अरुंद पट्टा असणार, दोन्ही अंगांना घट्ट चिखलाचा दगड असणार, आणि मधल्या बोळातून गॅस सरळ, समांतर वाहत असणार. याला रेषीय प्रवाह म्हणतात. आलेखावर तो लपून राहत नाही. विहीर बंद केली की दाब चढू लागतो, आणि नीट मांडला तर त्या चढाची अशी सरळसोट रेघ उमटते की पट्टी लावून बघावी. ताईने आयुष्यात पुष्कळ रेघा पाहिल्या होत्या, पण इतकी देखणी पाहिली नव्हती.

रेघेच्या शेवटाला मात्र एक वळण होतं. म्हणजे बोळाचं एक टोक बंद होतं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, ताई?" साहेब आलेख बघून म्हणाले. "भिंत आहे. किती लांब आहे तेवढं काढा, म्हणजे खाली किती माल उरलाय ते कळेल."

आता भिंत किती लांब आहे हे काढायची या लोकांची एक जुनी युक्ती आहे, आणि पुढचं सगळं त्या युक्तीतच अडकलेलं आहे, तेव्हा ती समजून घेतलेली बरी. भिंतीचं गणित किचकट असतं. म्हणून भिंत काढूनच टाकायची, आणि तिच्या पलीकडे, तेवढ्याच अंतरावर, आपल्यासारखीच दुसरी विहीर आहे असं धरून चालायचं. आपण व्हॉल्व्ह उघडला की तिनेही उघडायचा. आपण बंद केला की तिनेही त्याच क्षणी बंद करायचा. सारख्या ताकदीची दोन माणसं एकच दोर दोन टोकांनी ओढतात तेव्हा मधली गाठ हलत नाही, तसा मधोमधचा गॅस इकडेही येत नाही आणि तिकडेही जात नाही. जिथे काहीच हलत नाही, ती भिंत. गणित सुटतं. या खोट्या विहिरीला ताईच्या खोलीत आरशातली विहीर म्हणत.

घुम्याला हे सांगितलं तेव्हा तो फोनवर खो-खो हसला होता.

"म्हणजे तिकडेही माझ्यासारखा एक मुकादम आहे म्हण की! त्याला विचार, त्याचा पंखा चालतो का. आमचा बंद पडलाय."

"तो तुझ्यासारखा बडबड्या नाही," ताई म्हणाली होती.

ताईला हे काम शिकवलं ते थोरल्या साहेबांनी. ते कधीच निवृत्त होऊन गेले. त्यांची एक ताकीद होती आणि ती ते कंटाळा येईपर्यंत द्यायचे. आरशातल्या विहिरीला स्वतःचा कारभार द्यायचा नाही. तिने आपल्यामागून चाललं पाहिजे. आकडे जुळत नसतील तर खडक बदला, अंतर बदला, हवं ते बदला, पण तिचं घड्याळ वेगळं करू नका. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि ताईनेही कधी विचारलं नाही. शिकाऊ लोक आकडे जुळवायला काय वाट्टेल ते करतात, त्यांच्यासाठी असेल, असंच ती धरून चालली होती.

आणि नेमके या विहिरीचे आकडे जुळेनात.

फरक म्हणाल तर केसाएवढा. एका ठिकाणी दाब किंचित उचलला गेला होता, पलीकडची विहीर थोडा वेळ बंद केल्यावर उचलला जावा तसा. घुम्याने एका गळक्या वॉशरपायी विहीर थोडा वेळ बंद केली होती, हे खरं. पण ती नंतर. उचल आधी. हाक मारण्याआधीच प्रतिध्वनी यावा, तशातली गत.

"घुम्या, गेजचं घड्याळ पुढे धावतंय का रे?"

"नाही बुवा. परवाच ताडून पाहिलं."

"पुन्हा पाहा."

त्याने पुन्हा पाहिलं. घड्याळ बरोबर होतं. घड्याळ चुकलं असतं तर सगळेच आकडे सरकले असते, ही एकच उचल कशी सरकेल, हे ताईला काय कळत नव्हतं? पण माणूस आधी घड्याळावरच संशय घेतो. बोलाफुलाला गाठ पडली असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. स्वतःला सांगितलेलं पटायला हवं ना. दातात अडकलेल्या कणासारखी ती गोष्ट तिला सतत टोचत राहिली, आणि शेवटी न राहवून तिने थोरल्या साहेबांनी नको म्हटलेलं तेच केलं. आरशातल्या विहिरीचा दोर तिने सोडून दिला. संगणकाला सांगितलं, की ती विहीर तिच्या मर्जीने चालते असं धर, आणि तिने काय काय केलं असेल ते मला शोधून दे.

संगणकाने घटकाभर वेळ घेतला. मग पडद्यावरच्या दोन रेघा, मोजलेली आणि मांडलेली, एकमेकींत मिसळून गेल्या. कुठे केस शिरायलाही जागा राहिली नाही.

इतकं जुळलेलं गणित बघून एरवी ताईने सगळ्या खोलीला चहा पाजला असता. आज ती जागची उठली नाही. आलेखाखाली पलीकडच्या विहिरीच्या हालचाली क्रमाने आल्या होत्या. उघडली. थोडा वेळ बंद केली. पुन्हा उघडली. अर्ध्यावर आणली. शेवटचं तिने दोनदा वाचलं आणि फोन उचलला.

"विहीर अर्ध्यावर आणलीस का रे?"

"नाही. का? आणू?"

"नको, नको. सहज विचारलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी घुम्याचाच फोन आला. गॅसमधलं पाणी वेगळं करायची टाकी तुंबली होती, आणि विहीर अर्ध्यावर आणण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं.

"तुला कालच कसं कळलं ग, ताई?"

"मला काय कळणार?"

"मग विचारलंस कशाला?"

तेवढ्यात तिकडे कोणीतरी त्याला हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.

व्हॉल्व्ह फिरवायची ज्याची त्याची एक रीत असते. कोणी दणकन उघडतो, कोणी भीत भीत. घुम्याची रीत अशी, की अर्धा वेढा फिरवायचा, थांबायचं, नळीला कान लावून ऐकायचं आणि मगच उरलेला व्हॉल्व्ह उघडायचा. आलेखावर त्याची बारीकशी पायरी उमटते. टोळीतल्या दुसऱ्या कोणी विहीर उघडली असेल तर ताईला ती पायरी नसल्यावरून कळायचं, आणि मग ती घुम्याला "आज झोपला होतास का" म्हणून छेडायची.

त्या दिवशी तिने पलीकडच्या विहिरीच्या हालचाली मोठ्या करून पाहिल्या. प्रत्येक उघडण्याला ती पायरी होती. अर्धा वेढा, मग थोडं थांबणं, मग बाकीचा.

बाहेर कोणी तरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. आणि तिकडे, भिंतीपलीकडे, कोणी तरी नळीला कान लावून ऐकत होतं.

पुढच्या खेपेला पलीकडची विहीर झटकन उघडली आणि तशीच झटकन बंद झाली. ताईने फोन केला नाही. न केला तर कदाचित होणार नाही, असं तिला वाटलं. इतकी शिकलेली बाई, पण पोटातली भीती काय डिग्री बघून गप्प बसते? दुसऱ्या दिवशी आपल्या विहिरीच्या आकड्यांत तोच हिसका उमटला.

"हात सटकला ग," घुम्या म्हणाला. "मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. पण गंमत सांगू? सटकताना मला वाटलं, हे कालच होऊन गेलंय."

"तू घरी ये बरं. चार दिवस राहा माझ्याकडे."

"आता? साहेबांनी टेस्ट लावली आहे ना, विहीर पूर्ण उघडून बघायची. ती उरकली की येतो. आणि माझ्या उशा कुणाला देऊ नकोस, मागच्या वेळी एकच होती."

ती टेस्ट दोन दिवसांवर होती.

ज्या सकाळी ते दिसलं ती सकाळ चांगली लख्ख होती. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, आणि ताईने चष्मा पुसून रोजच्यासारखा संगणक सुरू केला. पलीकडची विहीर पूर्ण उघडली होती. अर्धा वेढा, थांबणं, मग बाकीचा. तिथवर ठीक. मग प्रवाह चढू लागला. पूर्ण उघड्या व्हॉल्व्हमधून जेवढा जाऊ शकतो तेवढा झाला, आणि तरी चढत राहिला, कुठल्याच व्हॉल्व्हमधून जाऊ शकणार नाही इतका झाला. विहीर ताब्यातून सुटली होती. अशी विहीर सुटते तेव्हा वरचा व्हॉल्व्ह, नळ्या, जवळ उभी असलेली माणसं, काही म्हणता काही उरत नाही. ताईने हे एकदा जवळून पाहिलं होतं, आणि त्यानंतर कित्येक महिने तिला झोप लागली नव्हती.

त्यानंतर पलीकडे फक्त वाहणं होतं. उघडणं नाही, बंद करणं नाही. ती पायरी कुठेच नव्हती. त्या विहिरीवर आता कोणाचाच हात नव्हता.

टेस्ट उद्या होती.

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं खरं खरं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ताई, आरशातली विहीर मुळात नाहीच आहे. तुम्हीच शिकवता ना पोरांना?"

"नाहीच आहे."

"मग?"

"मग ती आपल्या आधी का चालते?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "साप साप म्हणून भुई धोपटण्यात काय अर्थ आहे? तुम्ही दमलात. चार दिवस रजा घ्या, मी सही करतो."

खरं सांगून भागत नाही म्हटल्यावर ताई खोटं बोलली. नोकरीत पहिल्यांदाच. खालचं गेज बिघडलंय म्हणाली, उद्याचे आकडे फुकट जातील, टेस्ट घेण्यात हशील नाही. साहेबांनी लगेच फोन उचलून टेस्ट पुढे ढकलली, विहीर बंद करायला सांगितली आणि टोळीला मुक्कामाच्या तळावर परत बोलावलं. बिघडलेल्या गेजवर माणसाचा विश्वास पटकन बसतो.

पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. तळ विहिरीपासून कितीसा लांब? बाहेर येऊन तिने घुम्याला फोनवर दुसरं खोटं सांगितलं. "घुम्या, माझ्या छातीत दुखतंय रे."

दिवस मावळायच्या आत तो तिच्या घराच्या दारात उभा राहिला. भुवयांपर्यंत धूळ, मनगटाला पट्टी, आणि तोंड पांढरंफटक पडलेलं. ताई ओट्याशी भाजी चिरत होती.

"छातीत दुखतंय म्हणालीस!"

"दुखतच होतं."

"आणि आता?"

"आता नाही."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रस्ताभर काय काय मनात आलं, गाडी कशी हाकली, एका वळणावर कसा वाचलो, सगळं त्याने ऐकवलं. मग तो बोलून बोलून दमला, आणि हात धुऊन दोन माणसांचं जेवण एकटा जेवला. ताई समोर बसून त्याच्याकडे नुसती बघत होती. एवढा मोठा घोडा, पण घास घेताना अजून मान तशीच तिरकी करतो, हे बघून तिला भडभडून आलं, आणि पाणी आणायचं निमित्त करून ती उठली. याला काही झालं असतं तर आपण जगलो नसतो, हे तिला अगदी स्वच्छ कळलं. त्याच्यासाठी आपण कोणाचंही काहीही हिसकावून आणलं असतं, हेही कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याला घरी एकटं सोडायला तिचं मन होईना. कचेरीत सोबत घेऊन गेली. फाटकाशी पाहुण्यांना बसायची एक खोली होती, तिथे त्याला बसवलं.

"मी येईपर्यंत इथून हलायचं नाही."

"मी काय शाळकरी पोर आहे?"

"हो."

फाटकावरचे वॉचमनकाका हसले. "बसा हो मुकादम. ताईंचं ऐकलेलं बरं असतं, चहा मागवतो."

"ऐकतो बाबा," घुम्या पाय पसरत म्हणाला. "हिने सांगितलं आणि मी नाही केलं, असं झालंय कधी?"

ताई वर गेली. टेस्टची वेळ आली आणि गेली. तिने तळावर फोन लावला. टोळी पत्ते खेळत बसली होती. विहीर बंद, माळ शांत. तिच्या जिवात जीव आला. खोलीचं दार लावून ती थोडी रडली, रुमालाने तोंड पुसलं, आणि मग सवयीने पडद्याकडे पाहिलं.

बंद विहिरीचा दाब चढतो. चढत चढत जाऊन स्थिरावतो. दुसरं काही करायला त्याला वावच नसतो. हा दाब उतरत होता.

तिने पुन्हा तळावर फोन लावला. कुठे गळतंय का, बघायला सांगितलं. एक माणूस जाऊन, साबणाचं पाणी लावून, सगळे सांधे बघून आला.

"बुडबुडासुद्धा नाही, ताई. सगळं घट्ट आहे."

वर गळत नव्हतं. मग गॅस चालला होता कुठे?

तिने आकडे नीट मांडले. रेघ आली. सरळ, उतरती, कुठेही न थरथरणारी. रेषीय प्रवाहाचीच, पण प्रवाह उलटा. ती वळणाची वाट बघत राहिली. जिथे भिंत लागायला हवी होती ती जागा आली. रेघ वळली नाही. ती तिथून पुढे गेली, जशी काही तिथे कधीच काही नव्हतं.

भिंत नव्हती.

दगडाची ती कधी होतीच कुठे? दोन्हीकडून सारखं ओढलं जात होतं, म्हणून मधे काही हलत नव्हतं, एवढंच. काल ताईने आपल्या बाजूने हात काढून घेतला. तिकडे ओढणं चालूच होतं. इकडचं तिकडे चाललं होतं, रांग धरून.

तिकडेही अशी एक खोली असेल, हे तिच्या मनात पहिल्यांदाच आलं. खिडकीतून टेबलावर ऊन येत असेल. तिच्यासारखीच कोणी तरी बसली असेल. तिला आधी कळलं नसेल. तिच्या पुढे चालणारी कुठली विहीर नसेल.

तिच्या मुकादमाचं काय झालं ते मात्र तिला कळलं असेल.

ताई उठली. खुर्ची मागे पडली, ती तिने उचलली नाही. जिना ती धावतच उतरली.

पाहुण्यांच्या खोलीत कोणी नव्हतं. बाकावर चहाचा कप होता. अर्धा भरलेला, अजून वाफ निघणारा.

"काका, घुम्या कुठे गेला?"

वॉचमनकाका उभे राहिले. "कुठे म्हणजे? आत्ता तुम्हीच तर घेऊन गेलात."

"मी?"

"गाडी फाटकाबाहेर उभी केली होतीत. आत आलात, त्याच्या तोंडावरून हात फिरवलात, आणि त्याला उठवून नेलंत." काका अडखळले. "हुंदका आवरत नव्हता तुम्हाला. म्हणून मी काही विचारलं नाही."

"कुठल्या बाजूला गेली गाडी?"

"माळाच्या. पण ताई, तुमचे कपडे तर सगळे धुळीने..." त्यांनी तिच्या स्वच्छ बाह्यांकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं.

तिने फोन लावला. घंटी वाजत राहिली. मग उचलला.

"हे काय ग, ताई?" घुम्या हसत होता. मागे गाडीचा आवाज होता. "शेजारी बसून फोन कसला करतेस?"

"घुम्या, गाडी थांबव. राजा, ऐक माझं, खाली उतर."

हसणं थांबलं. गाडी चालूच होती.

"ताई?" तो म्हणाला. पण ते तिला उद्देशून नव्हतं.

मग दुसरा आवाज आला. ताईचाच. पण इतका मायेचा की तसं बोलताना तिने स्वतःला कधी ऐकलं नव्हतं.

"ठेव रे राजा तो फोन. चुकून लागला असेल कोणाचा तरी."